सीमेअलीकडची दोन गावे : पांढुर्णा आणि सौंसर

नागपूरहून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला सावनेरला दोन वाटा भेटतात. डावीकडची बैतुलकडे जाते आणि वाटेत पांढुर्णा लागते. उजवीकडची छिंदवाड्याकडे जाते आणि वाटेत सौंसर लागते. कोणतीही धरली, तरी थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. संपला हे मात्र केवळ पाटीवरून कळते. जमीन तीच काळी, बांधावरची बाभूळ तीच, कपाशीची ओळ आणि संत्र्याची बाग तीच. टपरीवर चहा मागितला, तर मागणारा मराठीत मागतो आणि देणाराही मराठीतच सुटे पैसे परत करतो. पाटीवरचे ‘आपले स्वागत आहे’ मागे पडून ‘आपका स्वागत है’ आलेले असते, एवढाच काय तो फरक.

या मुलखाची खरी सीमा आणखी पुढे आहे. सौंसरहून रामाकोना ओलांडले की सिल्लेवानीचा घाट लागतो. घाट चढून गेल्यावर छिंदवाड्याचे पठार येते. तेथली हवा निराळी, पिके निराळी, बोलीही निराळी. घाटावर गहू आणि हिंदी. घाटाखाली ज्वारी, कापूस आणि मराठी, अशी ही जुनी वाटणी आहे. निसर्गाने आखलेली ही रेघ राज्यकर्त्यांनी कधी मानली, कधी मानली नाही. परंतु घाटाखालच्या माणसांनी आपल्या उठण्याबसण्यात, सोयरिकीत आणि सणावारात ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली.

‘जग जवळ आले’ हे वाक्य अलीकडे आपण सर्वजण ऐकतो. मोठ्या शहरांतून त्याचा अर्थ लावणारे विद्वान पुष्कळ आहेत. जग जेव्हा घाटाखालच्या दोन तालुक्यांत येते, तेव्हा ते काय आणते, काय नेते आणि त्या देवाणघेवाणीत माणसे स्वतःजवळ काय राखून ठेवतात, हे पाहण्यासाठी पांढुर्णा-सौंसर ही जागा आम्हाला फार बोलकी वाटते. या भागातील सरकारी शाळेत आमची नोकरी गेली, म्हणून हे निरीक्षण थोडे जवळून घडले, एवढेच.

प्रथम थोडा इतिहास. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. त्यांच्यापैकीच बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. म्हणजे नागपूरचे मूळ एका अर्थाने आमच्याच डोंगरात आहे. पुढे भोसल्यांचे राज्य आले. १८५३ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. जवळजवळ शंभर वर्षे इथल्या माणसाचे कोर्ट, कॉलेज, बाजार आणि दवाखाना ही सारी एकाच दिशेला होती.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व देशाने स्वीकारले. तथापि ते राबवताना सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला गेला. मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे विदर्भ म्हणून निराळे काढण्यात आले. छिंदवाडा जिल्हा समग्रपणे पाहिला तर हिंदी आणि गोंडी भाषकांचा. त्यामुळे त्याचा घाटाखालचा मराठी भाग त्याच्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी इथला शेतकरी नेहमीसारखाच वखर घेऊन शेतात गेला असेल. त्याची राजधानी मात्र रातोरात भोपाळला गेली होती आणि त्याचे उच्च न्यायालय जबलपूरला.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, तंजावर येथील आपले वाचक ज्या घराण्यांतून आले, ती घराणी शिंदे, होळकर, गायकवाड आणि तंजावरचे भोसले यांच्याबरोबर देश सोडून दूर गेली. त्यांनी भाषा सोबत नेली आणि ती जपायची असते हे जाणून जपली. घाटाखालचा मराठी माणूस कोठेच गेला नाही. तो जागीच राहिला, सीमा त्याच्यावरून सरकली. ‘आपण परप्रांतात आहोत’ ही जाणीवच त्याला फार उशिरा झाली. आणि जे आपोआप आहे ते जपावे लागते, हे ध्यानात यायला माणसाला वेळ लागतो.

नकाशाची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्रजी अमदानीत सौंसर ही तहसील होती आणि पांढुर्णा त्या तहसिलीतले एक गाव. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा पंचावन्नावा जिल्हा अस्तित्वात आला आणि सौंसर त्या जिल्ह्यातील तहसील ठरली. १९०१ साली जेमतेम नऊ हजार वस्तीचे हे गाव २०११ मध्ये सुमारे पंचेचाळीस हजारांवर गेले आणि आता तेथे जिल्हाधिकारी बसतात. रेल्वेचा मुख्य मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग ज्याच्या दारावरून जातो त्याचे भाग्य कसे पालटते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

आता जगाकडे वळू. जग येथे १९९१ नंतर आले, असे समजणे चूक आहे. ते पुष्कळ आधी आले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव अकस्मात कडाडले. ज्या शेतकऱ्याने अमेरिकेचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या गाठीला त्या युद्धाने पैसा आला. युद्ध संपताच तो ओसरलाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. काळ्या मातीतल्या या गावांच्या कापसाला मग मुंबईचे बंदर मोकळे झाले आणि पांढुर्ण्यात सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले.

कापसानंतर दगड. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या पट्ट्यात मँगेनीजच्या खाणी सुरू झाल्या. पोलाद बनवताना हे खनिज लागते; विलायतेला आणि अमेरिकेला त्याची भूक मोठी. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी या खडकांचा कसून अभ्यास केला आणि १९०९ मध्ये भारतातील मँगेनीजवर आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्य भारतातील या अतिप्राचीन खडकांच्या समूहाला भूगर्भशास्त्रात ‘सौंसर’ हेच नाव आहे. आपल्या तहसिलीचे नाव परदेशातील विद्यापीठांत शिकवले जाते, हे सौंसरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

याच भागात सीतापार नावाचे एक खेडे आहे. तेथे सापडलेल्या एका खनिजाला फर्मोरने त्या खेड्यावरून ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. पुढे अभ्यासाअंती निष्पन्न झाले की, हे खनिज आणि अमेरिकेतील यूटा प्रांतात सापडलेले ‘बिक्सबाइट’ एकच. अमेरिकेतील नावाची नोंद १८९७ ची, म्हणजे आधीची. नियमाप्रमाणे ते राहिले आणि सीतापारचे नाव कोशातून मागे पडले. दगड तोच, जागाही तीच. केवळ नोंद आधी झाली नाही म्हणून नाव गेले. ही हकिगत आमच्या मनात घर करून आहे. तिचे कारण पुढे येईलच.

नागपूर-छिंदवाडा ही छोट्या मापाची रेल्वे याच काळातली. सौंसर, रामाकोना करीत ती घाट चढे. लाकडाचे, भाजीचे, दुधाचे आणि शाळा-कॉलेजच्या पोरांचे ते वाहन होते. २०१५ मध्ये ती मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाली आणि काही वर्षांनी रुंद मार्गावर नवी गाडी धावू लागली. गाडी वेगाने जाऊ लागली हे चांगलेच झाले. जुन्या गाडीच्या संथपणात ज्या गप्पा होत त्यांची आठवण वृद्ध माणसे काढतात. त्यांच्या नातवंडांना त्या आठवणीचे सोयरसुतक नाही, आणि ते असावे असा आग्रहही नको.

१९९१ मध्ये सौंसरजवळ बोरगाव येथे रेमंड कंपनीचा कापड कारखाना उभा राहिला. देशाची अर्थनीती पालटली तेच हे वर्ष. कारखान्याने गावाला पगार दिला. त्याहून अधिक म्हणजे घड्याळ दिले. पूर्वी गावाचा दिवस उन्हाने मोजला जाई. आता पाळीने मोजला जाऊ लागला. ‘मुलगा बोरगावला पाळीत आहे’ हे वाक्य सोयरिकीच्या बोलणीत एकरांच्या आकड्याएवढेच वजनदार ठरले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यानंतर घरातल्या कणगीतून निघणारे बियाणे थांबले आणि दरसाल दुकानातून पाकीट आणणे आले. त्या पाकिटातील तंत्र मूळ अमेरिकेतले. दीडशे वर्षांपूर्वी आमचा कापूस अमेरिकेच्या युद्धामुळे महागला होता. आता अमेरिकेचे तंत्र आमच्याच बांधावर येऊन पोहोचले.

परंतु या सर्वांहून जगाशी अधिक घट्ट गाठ बांधली ती संत्र्याने. पांढुर्णा-सौंसरच्या बागा म्हणजे नागपुरी संत्र्याच्याच मुलखाचा उत्तरेकडचा भाग. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली ही झाडे वर्षातून दोनदा बहरू शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा अंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येतो. पावसाच्या तोंडी फुलणारा मृग बहार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोणता बहार घ्यायचा हे शेतकरी झाडाला पाण्याचा ताण देऊन ठरवतो. ताण कमी पडला तर फूल धरत नाही, अधिक झाला तर झाड खचते. हे गणित पुस्तकात लिहिलेले असते. पण पानाचा वळलेला कडा पाहून ‘आता पाणी सोडा’ असे सांगणारा म्हातारा बागेत असावाच लागतो.

फळ झाडावर असतानाच बागेचा उक्ता सौदा होतो. व्यापारी येतो, बाग फिरून पाहतो, अंदाज बांधतो, इसार देतो. मग तोडणी, निवड, मेणाचा लेप, कॅरेटमध्ये भरणे आणि ट्रक. कोलकात्यावरून हे फळ बांगलादेशात जाई. तिकडे आपल्या आंबटगोड, सैल सालीच्या संत्र्याला मोठी मागणी. ट्रकवर आणि पेटीवर नाव नागपूरचेच. पांढुर्ण्याच्या फळालाही तेच आडनाव लावून घ्यावे लागते, आणि त्याबद्दल येथे कोणाची तक्रार नाही.

२०१९ पासून बांगलादेशाने या फळावरील आयात-शुल्क वाढवण्यास सुरुवात केली. किलोमागे वीस रुपयांच्या घरातले शुल्क चढत चढत २०२३ मध्ये अठ्ठ्याऐंशीवर गेले. ढाक्क्याच्या ग्राहकाला आपले संत्रे परवडेना, माल देशातल्याच बाजारांत साचला आणि भाव कोसळले. महाराष्ट्र शासनाने आपल्या बागायतदारांसाठी अनुदानाची घोषणा केली. अशा वेळी सीमेची खरी जाणीव होते. एकाच पाण्यावर, एकाच रोगाशी झुंजणाऱ्या दोन बागांपैकी एक अर्जास पात्र असते आणि दुसरी नसते.

त्या हंगामात पांढुर्ण्याजवळच्या एका बागायतदाराशी आमचे बोलणे झाले. गृहस्थ सत्तरीचे, शिक्षण चौथीपर्यंतचे. बांधावर फळगळीचा सडा पडला होता. ते म्हणाले, “गुरुजी, आमच्या बावाजीच्या काळात भाव सौंसरच्या बाजारात ठरे. माह्या काळात नागपूरच्या कळमन्यात ठरे. आता ढाक्क्यात ठरते. म्या ढाक्का पाह्यला नाही, ढाक्क्यानं मले पाह्यलं नाही. पण तिथं कोनी कलम फिरवली का इथं माह्या पोराचं लगन एक साल पुढं जाते.”

जगाच्या जवळ येण्याची इतकी नेमकी व्याख्या आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही. पूर्वीही जगाचे धक्के बसत. परंतु ते धक्के शेतापुरते असत. अमेरिकेतील युद्धाने कापसाचा भाव चढवला-उतरवला, पण घरातली ओवी बदलली नाही. मँगेनीज विलायतेला गेले, पण भजनी मंडळाचा अभंग गेला नाही. जग माल नेत होते आणि पैसा देत होते. माणसाच्या जिभेशी त्याला कर्तव्य नव्हते. आजचे जग जिभेपर्यंत येते. आणि पूर्वीच्या व आजच्या बदलात जो मूलभूत भेद आहे, तो आमच्या मते हाच.

याचा पडताळा घ्यायचा असेल, तर लग्नपत्रिका पाहाव्यात. आमच्याकडे येणाऱ्या पत्रिका आम्ही सवयीने जपून ठेवतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्रिका शुद्ध मराठीत, ‘कृपाभिलाषी’ आणि ‘आपले दर्शनाभिलाषी’ यांसह. वीस वर्षांपूर्वीच्या अर्ध्या मराठी, अर्ध्या हिंदी. वरपक्ष नागपूरकडचा असेल तर मराठी अधिक. अलीकडच्या बहुतेक हिंदीत, वर इंग्रजी अक्षरांत वधूवरांची नावे, आणि त्या कागदावर न येता मोबाइलवर येतात. लग्नात मंगलाष्टके मात्र अजून मराठीत होतात. तेवढ्यापुरते भटजी आणि वऱ्हाडी मंडळी दोघेही मराठीत परत येतात.

यात हिंदीचा दोष आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. हिंदी या राज्याची भाषा आहे. तिने आमच्या मुलांना नोकऱ्या दिल्या, न्यायालयात आणि कचेरीत उभे राहण्याचे बळ दिले. आमच्या बोलीत हिंदीचे शेकडो शब्द सुखाने नांदत आहेत. घाटाखालची नागपुरी मराठी, भोयर पवारांची पवारी, गोंडी आणि हिंदी अशा चार बोलींतून येथला बाजार चालतो आणि कोणाचेच अडत नाही. आमची चिंता निराळी आहे, आणि ती एका रकान्याविषयी आहे.

मुलाचे नाव शाळेत घालताना दाखल-खारिज पुस्तकात बरेच काही लिहून घ्यावे लागते. माहिती भरण्याच्या तक्त्यात मातृभाषा हा एक रकाना असतो. पालक समोर बसलेले असतात. आई मुलाला म्हणत असते, “गप बस ना रे पोट्ट्या, गुरुजी काय पुसून राह्यले ते ऐक.” आणि आम्ही मातृभाषा विचारताच वडील सावरून बसतात आणि म्हणतात, “हिंदी लिहा, सर.” का, असे विचारले तर म्हणतात, “मराठी लिहून काय फायदा? पुढं अडचण नको.” अडचण कोणती, हे त्यांना सांगता येत नाही. कोणी तसे सांगितलेलेही नसते. आम्ही समजावतो, काही ऐकतात, काही नाही. लिहिणे शेवटी पालकांच्या सांगण्यावरच असते.

या एका शब्दाने पुष्कळ बिघडते. ज्या भाषेची मुले कागदावर नाहीत, तिचा शिक्षक मागायचा कोणत्या आधाराने? शिक्षक नाही म्हणून विषय नाही, विषय नाही म्हणून पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही म्हणून पुढचा पालक अधिकच खात्रीने ‘हिंदी’ म्हणतो. घरात मराठी जिवंत असते; नोंदीत ती मेलेली असते. सीतापारच्या दगडाचे आम्ही मघाशी सांगितले ते यासाठी. वस्तू जागेवर असूनही केवळ नोंदीअभावी तिचे नाव जाऊ शकते.

मग कोणी म्हणेल, काळच असा आहे. जगाच्या रेट्यापुढे लहान गावांनी काय टिकवावे? या प्रश्नाचे उत्तर पांढुर्ण्यातच, जाम नदीच्या पात्रात आहे. ते उत्तर फारसे सुखद नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण बांधतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी ते झाड तोडून न्यायचे आणि सावरगावच्या लोकांनी त्यांना अडवायचे; आणि हे दोन्ही काठांवरून दगडगोट्यांचा वर्षाव करीत. झाड हाती आले की खेळ संपतो आणि चंडीमातेच्या मंदिरात त्याची पूजा होते. दंतकथा अशी : पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदीत असताना दोन्हीकडून दगड आले आणि त्या दगडांत दोघांचाही अंत झाला. त्या प्रसंगाची ही स्मृती. कथेचे ऐतिहासिक प्रमाण काही नाही. गावाला ते नकोही आहे.

दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत. काहींचे डोळे गेले, काहींचे हातपाय कायमचे अधू झाले. शासनाने हा प्रकार थांबवण्याचे अनेक प्रयत्न केले. जमावबंदीचे हुकूम निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले, पोलीस बंदोबस्त वाढवला. चेंडू बाजूला पडले, दगड पुन्हा हातात आले. आता रुग्णवाहिका रांगेने उभ्या असतात, आकाशातून टेहळणी होते, आणि नदीतला मारा मोबाइलच्या पडद्यावर दूरदेशी बसलेला माणूसही त्याच क्षणी पाहतो. नव्या यंत्रांनी ही प्रथा पुसली नाही. तिला प्रेक्षक मिळवून दिले.

बाहेरचा माणूस याला अडाणीपणा म्हणून मोकळा होतो. आम्ही या गावांत राहिलो असल्याने इतके सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. दोन्ही काठांवर आज सोयरिकी आहेत. मामा एका काठावर असतो, भाचा दुसऱ्या. वैर असे काहीच उरलेले नाही. नागपूर-पुण्याकडे कामाला गेलेली मुले दिवाळीला एखादे वेळी येत नाहीत, पण पोळ्याला रजा काढून येतात. ज्या दिवशी सारे गाव एका जागी असते, असा हा एकच दिवस शिल्लक राहिला आहे. माणसाला आपल्या गावाचे असल्याची खूण हवी असते. सर्वत्र एकसारखी दुकाने, एकसारखे कपडे आणि एकसारखी गाणी झाली की ती खूण अधिकच तीव्रतेने हवीशी वाटते. जग जितके जवळ येते, तितका हातातला गोटा घट्ट धरला जातो, असे आम्हाला दिसते. भूक खरी आहे. पथ्य मात्र चुकले आहे. एखाद्या आईचा मुलगा आंधळा होऊन घरी यावा, इतकी किंमत कोणत्याही खुणेला देऊ नये, हे आम्ही वर्गात आणि वर्गाबाहेर अनेक वर्षे सांगत आलो आहोत, आणि पुढेही सांगू.

परंतु गोटमारीवरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. लहान गाव काही टिकवू शकत नाही, हे खरे नाही. कायद्याने अडवले, दंडुक्याने हटवले, वर्तमानपत्रांनी झोडपले, तरी या गावाने आपल्याला हवे ते राखले. जे राखले त्यासाठी रक्त सांडले. उलट मराठीला येथे कोणाचीच मनाई नाही. मराठी बोलल्याबद्दल कोणाला दंड होत नाही, मातृभाषा मराठी लिहिल्याबद्दल कोणाचा दाखला अडत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तर केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा मानही दिला. ज्या गावाने मनाई असताना दगड टिकवला, त्याला मनाई नसताना अक्षर टिकवता येत नाही, हे आम्हाला पटत नाही. जमत नाही असे नव्हे. मनावर घेतलेले नाही. समाज बदलतो म्हणजे सारेच वाहून जाते असे नाही. काय धरायचे आणि काय सोडायचे, याची निवड माणसेच करीत असतात. पुष्कळदा ती निवड बोलून न दाखवता, एखाद्या रकान्यापुढे बसून, अर्ध्या मिनिटात होते.

मनावर घेणारी माणसे येथे नाहीतच, असेही नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने या खेड्यांतून अजून खंजिरीवर गाइली जातात. ती गाण्यासाठी लहान मुले मराठी अक्षरे वाचायला शिकतात. लिपी देवनागरीच असल्याने हिंदी शाळेतल्या मुलाला मराठी वाचायला महिन्याभराचा सराव पुरतो. ‘ळ’ या अक्षरापाशी तो अडखळतो, आणि एकदा ते साधले की ‘पोळा’, ‘पळस’, ‘सावळी’ हे आपल्याच अंगणातले शब्द त्याला कागदावर भेटतात. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक तास, घरात एक पुस्तक आणि आजीचे कान, यापलीकडे फारसा खर्च नाही. आणि सर्वांत आधी तो रकाना : जे आहे ते लिहावे.

परगावच्या वाचकांनी हा मुलूख एकदा पाहावा, असे आम्ही सुचवू. पाहायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात. त्या वेळी अंबिया बहाराची तोडणी चालू असते, बागांतून संत्र्याचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि कोणीही बागवान फळ हातात ठेवल्यावाचून पाहुण्याला सोडत नाही. रेल्वेने यायचे तर दिल्ली-चेन्नई मार्गावर पांढुर्णा स्थानकच आहे. सौंसरजवळ मोहगाव येथे अर्धनारीश्वराचे जुने शिवस्थान आहे. आणि जामसावळीला तर जायलाच हवे. पिंपळाखाली निद्रिस्त रूपातील हनुमानाची मूर्ती हे तेथले वैशिष्ट्य. शनिवारी, मंगळवारी नागपूरकडून आणि छिंदवाड्याकडून माणसांची रीघ लागते. अलीकडे तेथे मोठ्या बांधकामाची योजना निघाली, दुकाने वाढली, वाहनतळ झाला.

त्या रांगेत उभे राहून कान द्यावा. पुढची बाई हिंदीत नवस बोलत असते, मागची मराठीत. मारुती दोघींचे ऐकून घेतो. रांग पुढे सरकते आणि नारळ-फुलांचा दुकानदार येणाऱ्याचा चेहरा पाहून ‘आइए’ म्हणावे की ‘या’ म्हणावे हे ठरवतो. आपण मराठी माणसे त्याच्यासमोर आलो, तर ‘या’ म्हणण्याची संधी त्याला आपणच द्यावी. आधी आपण मराठीत बोलावे.